कुजबुजीची नोंदवही: आफ्रिकेच्या शहरांतील बदलता संवाद

टांझानियात २९ ऑक्टोबर २०२५ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदानाच्या दिवशीच देशभरातील इंटरनेट बंद पडले आणि दार-ए-सलाममध्ये संचारबंदी लागू झाली. पुढील काही दिवस त्या शहरात काय घडत आहे, हे बाहेरच्या जगाला तर कळत नव्हतेच, पण शहराच्या एका टोकाला राहणाऱ्यास दुसऱ्या टोकाची वार्ताही मिळत नव्हती. 'एक्स' हे माध्यम त्या देशात मे महिन्यापासूनच बंद होते. विद्यमान अध्यक्षा सामिया सुलुहू हसन यांना जवळजवळ ९८ टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले. इंटरनेट परतले तेव्हा लोकांनी फोनमध्ये जपून ठेवलेल्या चित्रफिती बाहेर येऊ लागल्या. त्यापाठोपाठ पोलिसांचा संदेश फोनवर आला: घबराट पसरविणारी छायाचित्रे वा चित्रफिती पुढे पाठविल्यास गुन्हा दाखल होईल.

सत्तेला नागरिकाच्या फोनमधील चित्रफितीचे एवढे भय का वाटावे? समाजमाध्यमे क्रांती घडवितात, असे एक उत्तर २०११ च्या कैरोपासून दिले जात आहे. समाजमाध्यमे अफवा आणि द्वेष पसरवितात, असे दुसरे उत्तर सरकारे देतात. दोन्हींत तथ्य आहे, परंतु एक गोष्ट दोन्हींतून निसटते. आफ्रिकेच्या शहरांत लोक आधी मुके होते आणि फोन हाती आल्यावर बोलू लागले, असे घडलेले नाही. ते पूर्वीही बोलतच होते. फरक पडला तो इतकाच की, पूर्वी हवेत विरून जाणारे बोलणे आता नोंदले जाते. या नोंदीमुळे नागरिकाचा आवाज दूरवर पोहोचतो आणि याच नोंदीमुळे त्याचा ठावठिकाणाही लागतो. नैरोबी, कंपाला आणि लागोस या शहरांतील अलीकडच्या घडामोडी या एका बदलाच्या आधारे अधिक स्पष्टपणे उलगडतात.

पदपथावरचा रेडिओ

किन्शासासारख्या फ्रेंच भाषेचा वावर असलेल्या शहरांत 'पदपथावरचा रेडिओ' असा शब्दप्रयोग रूढ आहे. सरकारी नभोवाणी जे सांगत नसे, ते बाजारात, मद्यालयात, टॅक्सीत आणि रस्त्याच्या कडेला एकमेकांना सांगितले जाई. त्या वार्तेला लोकांनीच हे नाव दिले. इतिहासकार स्टीफन एलिस यांनी १९८९ मध्ये या विषयावर एक निबंध लिहिला. ही वार्ता म्हणजे निव्वळ अफवा नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. काय पुढे सांगायचे आणि काय सोडून द्यायचे, याची पारख ऐकणारेच करीत असतात आणि लोकांना ज्यात रस नाही ते आपोआप गळून पडते. आपल्याकडील पारावरच्या किंवा तिठ्यावरच्या चर्चेची ज्यांना सवय आहे, त्यांना ही प्रक्रिया वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

नैरोबीत या परंपरेला एक ठरलेली जागाही मिळाली. शहराच्या मध्यभागी जीवनजी उद्यान आहे. कराचीहून गेलेले व्यापारी अलीभाई मुल्ला जीवनजी यांनी ते शहराला दिले. याच जीवनजींनी १९०२ मध्ये मोंबासात 'आफ्रिकन स्टँडर्ड' हे वृत्तपत्र सुरू केले होते. आजचे 'द स्टँडर्ड' हे त्याचेच पुढचे रूप. या उद्यानात १९९० च्या दशकापासून 'बुंगे ला म्वानांची', म्हणजे सामान्य नागरिकांची संसद, भरत आली आहे. कामधंद्याच्या शोधात शहरात आलेले तरुण, फेरीवाले, निवृत्त कारकून बाकांभोवती जमतात आणि महागाईपासून मंत्रिमंडळापर्यंत साऱ्यांची झाडाझडती घेतात.

छापील शब्दाची वाट मात्र निराळी होती. गोमंतकीय वाचकांना या संदर्भात पियो गामा पिंटो हे नाव आठवेल. त्यांचा जन्म १९२७ साली नैरोबीत गोमंतकीय कुटुंबात झाला. पत्रकार म्हणून त्यांनी केनियाच्या स्वातंत्र्यासाठी लेखणी झिजविली आणि पोर्तुगीज राजवटीतून गोव्याची मुक्तता व्हावी म्हणूनही ते झटले. ब्रिटिशांनी १९५४ मध्ये त्यांना स्थानबद्ध केले. पुढे स्वतंत्र केनियात, २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, नैरोबीतच गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. छापील मजकुरामागे माणसाचे नाव असते, त्यामुळे लिहिणाऱ्याला गाठता येते. पदपथावरच्या बोलण्याला नाव नसते, म्हणून ते कोणाच्या हाती लागत नाही. सत्ताधारी आणि नागरिक या दोघांनीही दीर्घकाळ ही विभागणी गृहीत धरली होती. फोनने ती पुसून टाकली. आता पदपथावर बोलणाऱ्यालाही खाते आहे, क्रमांक आहे आणि बोलण्याच्या वेळेची सेकंदापर्यंतची नोंद आहे.

नैरोबीचा जून

या बदलाची ताकद किती, हे जून २०२४ मध्ये दिसले. केनियाच्या सरकारने त्या वर्षीच्या वित्त विधेयकातून सुमारे ३४६ अब्ज शिलिंगांचा वाढीव महसूल उभा करण्याचे ठरविले होते. मूळ मसुद्यात पावावर १६ टक्के मूल्यवर्धित कर आणि मोटारींवर २.५ टक्के वार्षिक कर प्रस्तावित होता. वित्त विधेयक ही सर्वसामान्यांनी वाचायची गोष्ट नव्हे, असा सर्वत्र समज असतो. नैरोबीच्या तरुणांनी तोच खोटा ठरविला. विधेयकातील कलमे स्वाहिली आणि इतर भाषांत उलगडून सांगणाऱ्या चित्रफिती 'टिकटॉक'वर फिरू लागल्या. विधेयकावरील प्रश्नांना उत्तरे देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन कोणी तयार केले. 'एक्स'वरील ध्वनिसभांत रात्री उशिरापर्यंत वकील, अर्थतज्ज्ञ आणि विद्यार्थी एकत्र चर्चा करू लागले. खासदारांचे दूरध्वनी क्रमांक सर्वत्र पोहोचले आणि त्यांच्या फोनवर संदेशांचा पाऊस पडू लागला.

या आंदोलनाला नेता नव्हता, पक्ष नव्हता आणि जमातही नव्हती. केनियाच्या राजकारणात ही गोष्ट फार मोठी आहे. तेथील सत्तेचे गणित किकुयू, कालेंजिन, लुओ, लुह्या अशा समूहांच्या बेरजेवर बांधले जाते आणि नेत्याशी समझोता झाला की त्याचा समूह शांत होतो, असा आजवरचा अनुभव होता. येथे समझोता कोणाशी करणार? नैरोबीच्या तरुणांची बोलीही त्यांच्या मदतीला आली. स्वाहिली, इंग्रजी आणि अनेक स्थानिक भाषांच्या मिश्रणातून घडलेली 'शेंग' ही बोली मुळात शहरातील गरीब वस्त्यांची. कोण कोणत्या जमातीचा, हे ती सहसा उघड होऊ देत नाही. निदर्शनाच्या दिवशी रस्त्यावरचा ताळमेळ राखण्यासाठी फोनचा वॉकीटॉकीसारखा वापर करू देणारे 'झेलो' हे ॲप वापरले गेले. जखमींच्या उपचारांसाठी आणि मृतांच्या अंत्यविधीसाठी पैसा गोळा झाला तो २००७ पासून केनियाच्या व्यवहारांचा कणा बनलेल्या 'एम-पेसा'मधून.

२५ जूनला संसदेने १९५ विरुद्ध १०६ मतांनी विधेयक संमत केले आणि त्याच दुपारी निदर्शक संसदेच्या आवारात शिरले. इमारतीच्या काही भागाला आग लागली, पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवशी इंटरनेटही मंदावले. समुद्राखालील दोन केबलमध्ये बिघाड झाल्याचे मोठ्या मोबाईल कंपनीने सांगितले. अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष विल्यम रुटो यांनी विधेयकावर स्वाक्षरी करण्यास नकार दिला. ५ जुलैला ते स्वतः 'एक्स'वरील ध्वनिसभेत तरुणांच्या प्रश्नांना सामोरे गेले आणि ११ जुलैला त्यांनी जवळजवळ संपूर्ण मंत्रिमंडळ बरखास्त केले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १ जुलैपर्यंतच ३९ मृत्यूंची नोंद केली होती. विधेयक मागे घ्यायला लावण्याची ही किंमत होती.

कुजबुजीवर कर

बोलण्याची नोंद होऊ लागली की ते मोजता येते, आणि जे मोजता येते त्यावर कर लावता येतो. युगांडाचे अध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांनी हे सर्वांत आधी ओळखले. मार्च २०१८ मध्ये अर्थमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी समाजमाध्यमांवरील 'ओलुगांबो'चा उल्लेख केला. स्थानिक भाषेत या शब्दाचा अर्थ कुजबुज, चहाड्या. या कुजबुजीचे परिणाम निस्तरण्यासाठी तिच्यापासून महसूल मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते. १ जुलै २०१८ पासून व्हॉट्सॲप, फेसबुक आदी वापरणाऱ्यांवर दररोज २०० शिलिंगांचा कर बसला. रक्कम किरकोळ वाटते, पण रोजंदारीवर जगणाऱ्या कंपालाच्या रहिवाशाला ती महिनाअखेरीस जाणवते. लोकांनी 'व्हीपीएन'चा मार्ग धरला, अपेक्षित महसूल आला नाही आणि २०२१ मध्ये सरकारने हा कर काढून इंटरनेट डेटावरच १२ टक्के कर लावला. चुकविणाऱ्यांबरोबर न चुकविणारेही त्यात सापडले.

त्याच वर्षी, १४ जानेवारीच्या निवडणुकीच्या तोंडावर, सरकारशी संबंधित काही खाती फेसबुकने बनावट ठरवून काढली. मुसेवेनी यांनी फेसबुकवरच बंदी घातली आणि मतदानाच्या आदल्या संध्याकाळी संपूर्ण इंटरनेट पाच दिवसांसाठी थांबविले. गायक म्हणून लोकप्रियता मिळविलेले विरोधी उमेदवार बॉबी वाइन यांच्या प्रचाराचा मोठा भार या माध्यमांवरच होता.

नायजेरियाचा अनुभव याहून विलक्षण. अध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांनी १९६७ ते १९७० च्या यादवी युद्धाचा दाखला देत केलेला एक इशारा ट्विटरने जून २०२१ च्या आरंभी काढून टाकला. दोनच दिवसांनी सरकारने ट्विटरवर बंदी जाहीर केली आणि ही घोषणा मंत्रालयाने ट्विटरवरूनच केली. त्याच सुमारास सरकारने बेंगळुरूच्या 'कू' या भारतीय माध्यमावर आपले खाते उघडले. भारतीय भाषांसाठी जन्मलेल्या या माध्यमाने नायजेरियातील भाषांसाठी दार उघडण्याची घोषणा केली, परंतु लागोसचे व्यापारी आणि पत्रकार सरकारमागोमाग तिकडे गेले नाहीत. संवाद हा माणसांच्या जाळ्यात असतो आणि ते जाळे फर्मानाने हलविता येत नाही, हाच याचा धडा. बंदी १३ जानेवारी २०२२ रोजी उठली. त्या वर्षीच पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयाने ती बेकायदा ठरविली. 'कू' स्वतः २०२४ मध्ये बंद पडले.

नोंद कोणाच्या हाती?

पदपथावर बोलणारा गर्दीत मिसळून जात असे. फोनवर बोलणाऱ्याला ती सोय उरलेली नाही. नायजेरियाने डिसेंबर २०२० पासून प्रत्येक सिमकार्ड राष्ट्रीय ओळख क्रमांकाशी जोडण्याची सक्ती केली. केनियातही सिमची नोंदणी अनिवार्य आहे. २०२४ च्या जूननंतर केनियात सरकारवर टीका करणारे तरुण रस्त्यांवरून, घरांतून उचलले जाऊ लागले. मानवी हक्क आयोगाने डिसेंबरपर्यंत अशा ८२ घटना नोंदविल्या. सरकारने आधी हात झटकले. डिसेंबरअखेर अपहरणे थांबविण्याचे आश्वासन खुद्द अध्यक्षांना द्यावे लागले.

जून २०२५ मध्ये एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यावर 'एक्स'वरील मजकुरातून टीका केल्याच्या तक्रारीवरून एका तरुण शिक्षकाला पश्चिम केनियातील त्याच्या घरातून अटक करून नैरोबीत आणण्यात आले. कोठडीतील पहिलीच रात्र त्याची अखेरची ठरली. त्याने स्वतःचे डोके भिंतीवर आपटून घेतले, असे पोलिसांनी सांगितले. शवविच्छेदनाने ते खोटे पाडले. डोक्यावर मार होता, गळा दाबल्याच्या खुणा होत्या. चार ओळींचा मजकूर आणि एक जीव यांमधील अंतर केवढे कमी झाले आहे, हे या प्रकरणाने देशाला दाखविले.

पण तीच नोंद सत्तेविरुद्ध साक्षही देते. २० ऑक्टोबर २०२० च्या रात्री लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर पोलिसी अत्याचारांविरोधात बसलेल्या तरुणांवर सैनिकांनी गोळीबार केला. 'डीजे स्विच' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलाकाराने तो प्रसंग इन्स्टाग्रामवरून थेट दाखविला. लष्कराने आरंभी सारेच नाकारले. ते प्रक्षेपण हजारोंनी पाहिले नसते, तर तो नकार कदाचित खपून गेला असता. केनियाच्या संसदेबाहेरील गोळीबाराबाबत बीबीसीने लोकांनी टिपलेली पाच हजारांहून अधिक छायाचित्रे आणि चित्रफिती पडताळून गोळ्या झाडणारे गणवेशधारी कोण, याचा शोध २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. हे काम पदपथावरच्या रेडिओला कधीच जमले नसते. तो बातमी पोहोचवी. न्यायालयात उभा राहील असा पुरावा त्याच्याकडे नसे.

खोट्याचा वेग आणि भाषेची भिंत

या माध्यमांचे गुणगान करताना त्यांनी केलेली हानी विसरता येत नाही. २०१४ मध्ये इबोलाची साथ नायजेरियात पोहोचली तेव्हा मिठाच्या पाण्याने रोग टळतो, असा संदेश फोनाफोनी फिरला आणि अतिप्रमाणात मीठ पोटात गेल्याने माणसे दगावली. पदपथावरच्या वार्तेला ऐकणाऱ्याची पारख लागत असे. सांगणारा समोर असे, त्याला प्रश्न विचारता येई. पुढे ढकललेल्या संदेशाचा मूळ सांगणारा कोण, हे दहाव्या माणसाला कळत नाही. शिवाय अनेक देशांत मोबाईल कंपन्या केवळ व्हॉट्सॲपपुरती स्वस्त योजना विकतात. ज्याच्याकडे तेवढीच योजना आहे, त्याला मिळालेला संदेश बाहेर जाऊन पडताळून पाहणे परवडत नाही. भारतात २०१६ मध्ये दूरसंचार नियामकाने डेटाच्या अशा भेदभावी दरांना मनाई केली होती. आफ्रिकेतील बहुतेक ग्राहकांना ते संरक्षण मिळालेले नाही.

अफवेप्रमाणे लोकमतही विकत घेता येते. केनियात पैसे देऊन हॅशटॅग चालविण्याचा धंदा कसा चालतो, न्यायाधीशांना आणि कार्यकर्त्यांना त्यातून कसे लक्ष्य केले जाते, हे मोझिला प्रतिष्ठानाच्या २०२१ मधील अभ्यासाने उघड केले.

या साऱ्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी ज्या कंपन्यांची, त्यांचे हात आफ्रिकेत आखडते राहिले. या खंडात दोन हजारांहून अधिक भाषा बोलल्या जातात. त्यांतील मोजक्याच भाषा कंपन्यांच्या यंत्रांना कळतात आणि मजकूर तपासणारी माणसे त्याहून कमी भाषांत उपलब्ध असतात. इथियोपियातील बाहिर दार येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक मेआरेग अमारे यांच्याविरुद्ध फेसबुकवर छायाचित्रासह चिथावणीखोर मजकूर प्रसिद्ध झाला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये घराबाहेर त्यांची हत्या झाली. तक्रार करूनही मजकूर वेळेत हटविला नाही, असे त्यांच्या मुलाचे म्हणणे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी केनियाच्या उच्च न्यायालयात मेटाविरुद्ध खटला भरला. फेसबुकवरील मजकूर तपासणीचे काम नैरोबीतून चालत असे, हा त्यामागील आधार. आपण केनियात नोंदणीकृत नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. तो अमान्य करून खटला ऐकण्याचा आपला अधिकार न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये मान्य केला. नैरोबीत बसून रोज हिंसेची दृश्ये चाळणाऱ्या मजकूर तपासनीसांनीही आपल्या कामाच्या परिस्थितीबद्दल तेथील न्यायालयांत दाद मागितली आहे. जगभरच्या कंपन्यांना जाब विचारण्याची वाट एखाद्या आफ्रिकी शहरातील न्यायालयातून निघेल, असे दहा वर्षांपूर्वी कोणाला वाटले नसते.

पुढे काय पाहावे

या प्रश्नाचे उत्तर माध्यमे बंद करण्यात नाही, हे आफ्रिकेच्या न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. जानेवारी २०१९ मध्ये झिम्बाब्वेच्या उच्च न्यायालयाने इंटरनेटबंदी बेकायदा ठरविली, कारण आदेश देणाऱ्या मंत्र्याला तो अधिकारच नव्हता. टोगोने २०१७ मध्ये केलेली बंदी पश्चिम आफ्रिकी न्यायालयाने २०२० मध्ये अवैध ठरविली. भारतीय वाचकाने हे दूरच्या खंडाचे दुखणे मानू नये. इंटरनेट थांबविण्याच्या घटनांच्या जागतिक मोजणीत आपला देश अनेक वर्षे पहिल्या क्रमांकावर राहिला आहे. अशी बंदी अनिश्चित काळासाठी घालता येणार नाही आणि तिचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये बजावले. ही बंधने पाळली जातात का, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

खरा तंटा आता नोंदीच्या मालकीचा आहे. नागरिकाने बोललेला शब्द पोलिसांनी कोणाच्या परवानगीने वाचावा, मोबाईल कंपनीने त्याचा ठावठिकाणा न्यायालयाच्या आदेशाविना देऊ नये, चिथावणीचा मजकूर आम्हारिक किंवा हौसा भाषेत असला तरी तो इंग्रजीइतक्याच तत्परतेने तपासला जावा आणि लोकांनी टिपलेला पुरावा खटला उभा राहीपर्यंत सुरक्षित राहावा, या चार गोष्टी कायद्याने ठरल्या तर पदपथावरच्या बोलण्याला पूर्वीचा आडोसा काही अंशी परत मिळेल. त्या ठरल्या नाहीत, तर लोक पुन्हा दबक्या आवाजात बोलू लागतील आणि नव्या माध्यमांवर विकत घेतलेलेच आवाज उरतील.

केनियात पुढील सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२७ मध्ये आहे. २५ जून २०२५ रोजी, संसदेवरील मोर्चाच्या पहिल्या वर्षदिनी, तेथील संपर्क प्राधिकरणाने दूरचित्रवाणी वाहिन्यांना निदर्शनांचे थेट प्रक्षेपण थांबविण्याचा आदेश दिला आणि न्यायालयाने तो स्थगित केला. निवडणुकीच्या दिवसांत कोणता आदेश निघतो, तो कोण काढतो आणि न्यायालय किती तासांत त्याची दखल घेते, यावर नैरोबीच्या नागरिकाला निर्भयपणे बोलता येईल की नाही, हे ठरणार आहे.